कोटातले हात

सिनेमा चालला की पडला हे तिकीटबारीवर ठरतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सलूनमध्ये नंबर लावून बसावं. गळ्याभोवती कापड गुंडाळलं की भल्याभल्यांना मतं फुटतात. हात कापडाखाली, मान हलवायला बंदी, मग उरते ती जीभ, आणि जिभेला काही हाड नसतं.

ज्या सलूनची ही गोष्ट आहे तिथं तर मतं दुप्पट ऐकू येत, कारण सलून एक आणि मालक दोन. थोरला आणि धाकटा, सख्खे भाऊ. वडिलांनी सुरू केलेलं दुकान, दोन खुर्च्या आणि समोर भिंतभर एकच लांब आरसा. तीन वर्षांपूर्वी मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. सुतारानं ती आरशापर्यंत आणली आणि विचारलं, "आता काच कापू का?" वडिलांचा आरसा कापा म्हणायला दोघांचीही जीभ रेटेना. म्हणून भिंत आरशाच्या वीतभर अलीकडेच थांबली. वर छतालाही टेकली नाही, कारण पंखा आडवा आला. त्यामुळे आवाज वरून जायचा, आणि आरशात तिरकं पाहिलं तर पलीकडची खुर्ची दिसायची. अर्थात तिरकं पाहायचं नाही, असा दोघांचाही बाणा होता.

भांडण वाटणीचं नव्हतं, शब्दाचं होतं. एका गर्दीच्या दिवशी, बाकं भरलेली असताना, थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "याला वस्तरा धरायला शिकवता शिकवता माझे केस पिकले." हशा पिकला. धाकट्यानं हातातलं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "शिकलो मी. आता तुझाच हात थरथरतोय दादा, आधी तो सांभाळ." पुन्हा हशा पिकला, पण जरा कमी. थोरल्यानं चालू दाढी पुरी केली आणि संध्याकाळी सुताराला गाठलं.

तो तेव्हा इतका चिडला, कारण बोल खरा होता. हात थरथरायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि ते आपल्याखेरीज कुणाला माहीत नाही, अशी त्याची समजूत होती. खोटा आरोप माणूस हसण्यावारी नेतो, खरा आरोप मात्र भिंत बांधायला लावतो.

पण अबोला धरला म्हणून कामं थोडीच थांबतात? नळ धाकट्याकडे, विजेचं मेन बटण थोरल्याकडे. मग आपोआप तोड निघाली. गिऱ्हाइकामार्फत बोलायचं. थोरला आपल्या खुर्चीतल्या माणसाला म्हणे, "त्यांना सांगा, पाच मिनिटं वीज बंद करतोय." तो माणूस तोंडभर फेस घेऊन बसलेला, बोलला तर साबण पोटात. तो नुसता "हूं" करी, आणि पलीकडून धाकटा आपल्या गिऱ्हाइकाला म्हणे, "त्यांना सांगा, ऐकलं." नेहमीचे लोक इतके सरावले होते की हे त्यांना विचित्रही वाटत नसे.

थरथर आता थोडीथोडकी राहिली नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि स्वच्छ सांगितलं होतं की ही कमी होईल, जाणार नाही. घरी बायकोला माहीत होतं, कारण बशीत सांडलेला चहा तीच पुसायची. दुकानात मात्र थोरल्यानं झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. कात्री आणि कंगवा एकमेकांना टेकवून धरले की केस कापणं जमायचं. दाढीचं गिऱ्हाईक आलं की आज वस्तऱ्याला धार नाही, उद्या या, नाहीतर मशीननं बारीक करून देतो, अशी सारवासारव. फेस तेवढा हल्ली झकास व्हायचा. ब्रश आपोआपच हलायचा.

अशात तो सिनेमा आला. हिंदीतला, निम्मी मारामारी आणि निम्मा विनोद, आणि जुन्याच सिनेमावरून नव्यानं काढलेला. जुना म्हणजे या भावांच्या लहानपणचा. त्यात दोन मित्र होते, एक बडबड्या आणि एक बुटका. शेवटी बडबड्याचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये असतात आणि गुंड चालून येतात. मग तो लांबलचक कोट अंगावर घेतो, बुटका त्या कोटात पाठीमागून शिरतो आणि बाह्यांतून आपले हात बाहेर काढतो. पुढच्याला सगळं दिसतंय पण हात नाहीत, मागच्याला हात आहेत पण काही दिसत नाही. पुढचा ओरडतो, "डावीकडे! वर! अरे, ते माझंच नाक!" आणि असे ते दोघं मिळून अख्खी टोळी लोळवतात. थिएटरात लोक हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे.

या दोघांनी तो सीन घरात इतक्या वेळा केला होता की वडिलांच्या ओव्हरकोटाची शिवण उसवली होती. थोरला पुढे, तोंड चालवायला. धाकटा मागे, हात चालवायला. शाळेच्या कार्यक्रमातही केला. धाकट्यानं चुकून मुख्याध्यापकांच्या हारातली फुलं ओढली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा तो कोट आठवला होता.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला आणि शनिवारपासून दोन्ही खुर्च्यांवर निकाल लागायला लागले.

"काय गाड्या उडवल्यात!" बसचा ड्रायव्हर म्हणाला. तो धाकट्याचं गिऱ्हाईक. "एक गाडी तर उलटी चालते. मी रोज सुलटी चालवतो तरी लोक शिव्या देतात."

"हसू येतं हो," औषधाच्या दुकानातले गृहस्थ थोरल्याला म्हणाले. "पण घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, काय विनोद होता, तर एक आठवेना."

"हिरोला घामच येत नाही," बाकावरून कुणीतरी म्हणालं. "शंभर माणसं लोळवली तरी शर्टाची इस्त्री जशीच्या तशी."

"अंकल, जुना आम्ही फोनवर बघितला ना," कॉलेजचा एक पोरगा म्हणाला. "हिरो जिना चढतो तर अख्खा जिना दाखवतात. एवढ्या वेळात नव्यात तीन खून होतात."

थोरल्याला हे झोंबलं. "जुन्याची सर नव्याला यायची नाही," तो कात्री वाजवत म्हणाला.

"तुम्ही बघितलात का दादा?"

"बघायला कशाला पाहिजे? शितावरून भाताची परीक्षा."

पलीकडून मशीनचा आवाज थांबला. "त्यांना सांगा," धाकट्याचा आवाज भिंतीवरून आला, "न बघता बिनपाण्यानं हजामत करू नये. काही लोकांना नवीन काहीही आलं की पोटात दुखतं. सिनेमा एक नंबर आहे."

"त्यांना सांगा," थोरला औषधवाल्यांच्या कानाशीच ओरडला, "पिकतं तिथं विकत नाही. जुन्यावर वाढले आणि नव्याचे गोडवे गातात."

औषधवाल्यांनी एक कान चोळला आणि म्हणाले, "सांगितलं."

आठवडाभर हेच. दोन्ही बाजूंना पक्ष पडले. थोरल्याच्या डाव्या दारानं येणारे जुन्याचे, धाकट्याच्या उजव्या दारानं येणारे नव्याचे. थोरल्याला आतून ठाऊक होतं की आपण सिनेमासाठी भांडत नाही. जुनं कामाचं राहिलं नाही असं जो तो म्हणत होता, आणि तो दर वेळी आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. पण न बघता बोलतो हा टोमणा त्याला डाचत राहिला. म्हणून सुट्टीच्या दिवशी, बायकोला बाजारात जातो असं सांगून, तो दुपारच्या शोला जाऊन बसला.

सिनेमा अगदीच वाईट नव्हता. दोनदा त्याला हसूही आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्याला तीन रांगा पुढे एक डोकं दिसलं. पाठीमागून डोकी ओळखणं हा त्याचा धंदाच. उजव्या बाजूला भोवरा, मानेवर खाली उतरत आलेली केसांची वाकडी रेघ. त्या डोक्याचे केस पहिल्यांदा त्यानंच कापले होते, वडील उभे राहून बघत असताना. रेघ तेव्हाही वाकडीच राहिली होती. धाकटाही एकटाच आला होता. सिनेमा लागल्यापासूनची पहिली सुट्टी आजच, म्हणजे बेट्यानं आठवडाभर न बघताच एक नंबर, एक नंबर लावलं होतं! थोरल्याला हसू फुटलं आणि या खेपेला खोकलाही आठवला नाही.

मध्यंतरानंतर त्याचं निम्मं लक्ष पडद्यावर आणि निम्मं त्या डोक्यावर. शेवट जवळ आला. बडबड्याचे हात मोडले, प्लास्टर चढलं. धाकटा खुर्चीच्या कडेला सरकून पुढे वाकला. थोरलाही नकळत पुढे सरकला. आता कोट येणार.

कोट आला नाही. एक शास्त्रज्ञ आला. त्यानं हिरोला चकचकीत लोखंडी हात बसवले, त्यांतून ठिणग्या उडाल्या आणि हिरोनं एकट्यानं सगळ्यांना उडवून लावलं. बुटका एका कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं. क्षणभर थोरल्यालाही वाटलं, मिळाले असते असे हात तर बरं झालं असतं, कुणाचं तोंड बघायला नको. मग त्यानं पुढे पाहिलं. शिट्ट्यांच्या त्या गदारोळात धाकटा हळूच मागे टेकला होता. त्यानं टाळी वाजवली नाही. चष्मा काढला, शर्टानं पुसला आणि पुन्हा न लावता तसाच बसून राहिला.

उठून त्या रांगेत जावं, शेजारी बसावं, असं थोरल्याला फार वाटलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दिवे लागायच्या आत तो अंधारातच चाचपडत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसचा ड्रायव्हर उजवीकडच्या खुर्चीत बसला आणि त्यानं विचारलं, "काय धाकटे, दुसऱ्यांदा बघणार का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "कोटाचा सीन नाही त्यात."

"पण लोखंडी हात काय झकास होते!"

"होते ना. पण मग दुसऱ्याला ठेवला कशाला सिनेमात? टाळ्या वाजवायला?"

भिंतीच्या अलीकडे थोरल्यानं हे ऐकलं. उत्तर द्यायला त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं आणि गिऱ्हाइकाशिवाय बोलायचं कसं, हे त्याला आठवेना. तेवढ्यात दारातून मास्तर आले.

मास्तर म्हणजे दोघा भावांचे शाळेतले मास्तर. आता वय झालेलं, मानेची कातडी सैल, गालांवर खळगे. दाढी फक्त वस्तऱ्यानं आणि फक्त थोरल्याच्या हातून, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या दोन खेपांना थोरल्यानं त्यांना धारेचं कारण सांगून परत पाठवलं होतं.

"आज धार आहे ना रे?" मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "उद्या धाकट्या नातीचं लग्न आहे. दाढीचे खुंट घेऊन फोटोत उभा राहिलो तर पोरगी आयुष्यभर बोलेल."

मास्तरांपाठोपाठ बाकावर पेपर वाचायला औषधवाले येऊन बसले होते, आणखी दोघे होते. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? "आहे मास्तर," थोरला म्हणाला.

मास्तरांनी सवयीनं डोळे मिटले. थोरल्यानं फेस केला, गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर लावला. जरा जास्तच वेळ लावत बसला. मग वस्तरा उघडला. उजवा हात हवेत गेला आणि पातं पाण्यातल्या माशासारखं थरथरायला लागलं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. थरथर कमी झाली, पण गेली नाही. खाली मास्तरांचा गळा, त्यावरची निळी शीर, आणि त्यांचा शांत चेहरा. या माणसानं आपल्याला पाढे शिकवले, आणि आपण केवळ नाही म्हणवत नाही म्हणून त्याच्या गळ्यावर पातं ठेवतोय. थोरल्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं मान वर केली ती थेट आरशात, तिरकी.

पलीकडून धाकटा बघत होता. आजच नव्हे. त्याच्या नजरेत आश्चर्य नव्हतं, म्हणजे तो रोजच बघत असणार. धारेची कारणं, कात्रीला टेकवलेला कंगवा, सगळं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर आरसाही होता. आणि इतके दिवस सगळं दिसत असून तो एकदाही बोलला नव्हता, गिऱ्हाइकामार्फतसुद्धा नाही.

धाकट्यानं मशीन खाली ठेवलं. उजवं दार वाजलं, बाहेर चार पावलं वाजली आणि डावं दार उघडलं. भिंत झाल्यापासून त्यानं या दारातून पाऊल टाकलं नव्हतं. तो थोरल्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याच्या काखेखालून हात पुढे घालून त्यानं वस्तरा हळूच काढून घेतला. थोरल्याची बोटं क्षणभर घट्ट मिटली. मग सैल झाली.

थोरला बाजूला सरकला. धाकट्यानं पहिला हात गालावर फिरवला. स्वच्छ, हलका, कुठं न अडखळता. गळ्याशी आल्यावर मात्र तो थांबला. मास्तरांची दाढी त्यानं कधी केलेली नव्हती.

थोरल्यानं घसा खाकरला. "मास्तर," तो म्हणाला, "त्याला सांगा, डाव्या कानाखाली तुमचा केस उलटा वाढतो. तिथं खालून वर."

मास्तरांचं तोंड फेसानं भरलेलं. त्यांनी डोळे न उघडता कापडाखालून एक बोट वर केलं. म्हणजे सांगितलं.

"त्याला सांगा, हनुवटीखाली जुना व्रण आहे, फेसात दिसत नाही. कातडी अंगठ्यानं ताणून मग पातं."

बोट वर झालं. धाकट्यानं कातडी ताणली. "आता उजवीकडे. हलकं. अजून हलकं. वर." थोरला त्रासिक आवाजात बोलत होता, डोळे मात्र पाण्यानं भरले होते. त्याला समोरची दाढी दिसत होती, आणि वडिलांच्या उसवलेल्या कोटातला तो घामट अंधारही आठवत होता, ज्यात पाठीला चिकटलेलं एक लहान पोर विचारायचं, दादा, आता कुठं मारू?

दाढी झाली. थोरल्यानं ओल्या तुरटीचा खडा फिरवला, तेवढं थरथरत्या हातालाही जमण्यासारखं होतं. कुठंही रक्ताचा ठिपका नव्हता. मास्तरांनी डोळे उघडले, दोघांना आरशात पाहिलं, गालावरून तळवा फिरवला आणि बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "वा! तुझा हात अजून तस्साच आहे रे थोरल्या."

मास्तर म्हातारे झाले होते, आंधळे नव्हते. त्यांनी झाकायला पांघरूण दिलं होतं. आता नुसतं हसून मान हलवली की भागत होतं. बाकावरचे सगळे खाली बघत होते, औषधवाल्यांनी तर उलटा धरलेला पेपर वाचायला घेतला होता. तीन वर्षांपूर्वी असेच सगळे बसलेले असताना जे ऐकून थोरल्यानं भिंत घातली, तेच आता त्याच्या ओठांवर आलं होतं.

"हात त्याचा आहे, मास्तर," तो म्हणाला. "माझा थरथरतो."

कुणी हसलं नाही. धाकटा वस्तरा पुसत होता, तो पुसतच राहिला. मान खाली घातलेली, आणि मानेवर ती वाकडी रेघ. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं, आरशातून नव्हे, सरळ.

"तुझं गिऱ्हाईक तिकडं अर्ध्या डोक्यानं बसलंय," तो म्हणाला. "जा आता."

"जातो दादा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा फाटलाच. "दुसरी दाढी आली की हाक मार."

"मारतो," थोरला म्हणाला आणि त्यानं ब्रश उचलला. "तू येईपर्यंत फेस करून ठेवतो."